तक्रार आधी, चहा नंतर

डॉक्टर बसली होती पवईला आणि काकूंनी तिच्यासाठी चहा केला होता मुलुंडला. आलं ठेचून घातलेला, बिनतड्याच्या कपबशीत, शेजारी बशीत दोन चकल्या. मोबाइल मिक्सरच्या रिकाम्या खोक्याला टेकवून टेबलावर उभा केलेला, त्याच्यापुढे ती कपबशी, आणि टेबलाच्या अलीकडे काकू. नारायणपेठ नेसून, तोंडाला पावडर लावून, मुलगी बघायला पाहुणे आल्यासारख्या ताठ बसलेल्या.

"घ्या ना डॉक्टरबाई, गार होईल," काकू म्हणाल्या.

फोनमधली ती पोरगी बिचारी हसली. मी दारात उभी राहून कपाळाला हात लावला. तपासणी संपल्यावर तो चहा मला प्यावा लागला आणि चकल्याही मलाच संपवाव्या लागल्या. चकल्यांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

या काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर त्यांचं घर, त्यातली आतली खोली मी भाड्याने घेतली होती. मी कुडाळची, नोकरीला भांडुपला. आता लग्न होऊन चारकोपला राहते, पण अजून कुणी मला "घर कुठे?" असं विचारलं की आधी मुलुंड तोंडात येतं. याला कारण काकू.

काकू जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मुंबईहून कोल्हापूरला बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि मग वाट बघत बसायचं, त्या काळातल्या. कानाला यंत्र लावून त्या अख्ख्या महाराष्ट्राला एकमेकांशी जोडून द्यायच्या. निवृत्त झाल्या, पण एक्स्चेंज त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. दारात कुणी आलं की विचारायच्या, "कोण, कुठून, काय काम?" या तीन प्रश्नांच्या पुढे ज्याला बोलायचं असेल त्याने आपल्या जबाबदारीवर बोलावं. दूधवाला सुट्टी का घेतली ते सांगायला लागला की म्हणायच्या, "वेळ संपली." कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणून फोन आला की स्वतःच्याच आवाजात गोड सांगायच्या, "ही लाइन व्यस्त आहे," आणि ठेवून द्यायच्या. भावाच्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाने तिचं नाव घेताना लांबण लावली, तर मागून काकूंचा आवाज, एक्स्चेंजमध्ये फोनवर बोलणाऱ्याला हाक मारायच्या तसा, "पार्टी, आटपा!"

आणि कान तर विचारू नका. मी ऑफिसातून फोन करून म्हटलं की काकू, आज उशीर होईल, तर इकडून उत्तर यायचं, "साहेबाची बोलणी खाल्लीस ना? आवाज बसलाय." मी नाही म्हटलं तर म्हणायच्या, "बरं. शेवग्याच्या शेंगांची आमटी केलीय, ये." एवढं ऐकलं की मला रडूच फुटायचं.

व्हिडिओवरचा डॉक्टर हे प्रकरण आमच्याकडे आलं ते काकू भाजीबाजारात बसल्यामुळे. बसल्या म्हणजे हातात दुधी घेऊन खालीच बसल्या, आणि उठेनात. हृदय थकलंय, असं निघालं. पंप नीट चालत नाही म्हणून अंगात पाणी साठतं, मग पाय सुजतात, दम लागतो. त्यांचे जन्माचे फॅमिली डॉक्टर दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले होते. त्या दवाखान्यात काकू बोलायला लागल्या की तक्रारी रस्त्यावर ऐकू जायच्या म्हणे. डोकं, कंबर, ढेकर, झोप, कानात वाजणं, सगळं क्रमवार. डॉक्टरांनी हात जोडले की मग थांबायच्या.

मुलगा बेंगळुरूहून धावत आला. एकुलता एक. आला तो ठरवूनच की आईला घेऊन जायचं आणि घर बंद करायचं. काकू पलंगावरूनच म्हणाल्या, "मी पार्सल नाही." दोन दिवस मायलेकांचं धुमशान झालं. मी मध्ये पडले नाही, मी आपली कुकर लावत होते. शेवटी तोडगा निघाला. त्याने पवईची एक हृदयाची डॉक्टर शोधली, जी व्हिडिओवर पेशंट बघायची. दर गुरुवारी ती काकूंना बघणार, तोही बेंगळुरूहून त्याच कॉलवर असणार. दिवाळीपर्यंत सगळं ठीक राहिलं तर काकू मुलुंडला. नाही राहिलं तर निमूटपणे बेंगळुरू.

"दिवाळीपर्यंत," मुलगा म्हणाला.

"दिवाळीपर्यंत," काकू म्हणाल्या. नातं आई-मुलाचं आणि सूर भाडेकरार केल्याचा.

सोसायटीत बातमी पोचली. आमचे सेक्रेटरी नाना, राहायला दुसऱ्या मजल्यावर, मत द्यायला कुठेही. जिन्यातच त्यांनी काकूंना गाठलं. "नाडीला हात न लावता औषध? म्हणजे पत्रिका न बघता मुलगी दिल्यासारखंच झालं!"

"तुमची पत्रिका जुळवली होती ना हो?" काकू म्हणाल्या. "मग वहिनी सारख्या माहेरी का असतात?"

नाना दोन पायऱ्या मागे सरले. पण त्यांचंच मत अर्ध्या सोसायटीचं होतं. इंजेक्शन टोचलं नाही तर तो डॉक्टर कसला, इथपासून ते फोनवर काय सगळेच गोड बोलतात, इथपर्यंत. तळमजल्यावरची तान्ह्या बाळाची आई तेवढी म्हणायची, "मला तर बाई देव भेटला. पोराला ताप आला की कडेवर घेऊन रिक्षा शोधत फिरायचं वाचलं." मी तिच्या बाजूची. आमच्या कुडाळला कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं तर माझ्या आईचा अख्खा दिवस जायचा, आता फोनवर होतं. तीही काय करायची, व्हिडिओ चालू झाला की फोन कानाला लावायची. मागाहून मला सांगते, "गो, डॉक्टराक निस्तो माझो कानच दिसलो!" पण औषध मिळालं, खाज गेली. झकास.

तेव्हा काकूंचं पण जमेल असं मला वाटलं होतं. जन्म गेला फोनवर, त्यांना काय शिकवायचं? आणि झालं काय, तर चहा-चकली.

"कसं वाटतंय आजी?" डॉक्टर विचारायची.

"छान! तुमचं कसं चाललंय? जेवता ना वेळेवर?"

"हो आजी. दम वगैरे लागतो का?"

"छे! तुमच्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का हो?"

एका कोपऱ्यातल्या चौकटीत मुलगा दिसायचा, इकडे डॉक्टर, मध्ये आमच्या काकू पावडर लावून. डॉक्टर म्हणायची की चेहऱ्यावर तरतरी दिसते. दिसणारच, अर्धा डबा फासलेला. वजन विचारलं तर काकू मागच्या आठवड्याचंच सांगायच्या. कॉल संपला की डॉक्टरच्या घरची इत्थंभूत माहिती काकूंना आणि काकूंबद्दल डॉक्टरला काहीही नाही.

एकदा मला राहवलं नाही. कप विसळता विसळता म्हटलं, "काकू, अहो, चपलेचा पट्टा लागत नाही तुम्हाला, एवढे पाय सुजलेत. ते का नाही सांगितलं?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच बिनडोक. "घरी आलेल्या माणसापुढे दुखणी मांडायची? तुझ्याकडे कुडाळला पाहुणा आला की त्याला आधी काय दाखवता, फोड?"

"अहो पण ती पाहुणी नाही, डॉक्टर आहे!"

"माझ्या घरात आली ना? माझ्या टेबलावर बसली ना? मग पाहुणीच. त्या जुन्या डॉक्टरांची गोष्ट वेगळी होती. तिथे मी त्यांच्या दारी जायचे. दुसऱ्याच्या दारी गेलेल्याने गाऱ्हाणं घालायचं असतं, स्वतःच्या दारी आलेल्याला हसून पाणी द्यायचं असतं. एवढं साधं कळत नाही तुला."

डोकं फिरलं, पण मनात म्हटलं, ही बाई म्हणते त्यात चूक काय आहे? माझी आई तरी काय करते? दारात कुणी "कशी आहेस?" विचारलं की ताप असला तरी "बरी आसय, येवा बसा." काकूंनी फोनमधून बाईला घरात घेतलं आणि मग घराचे सगळे रीतिरिवाज तिला लावले.

पण आंब्याच्या लोणच्यासारखं हे मुरत ठेवण्यातलं नव्हतं. एका सकाळी मी उठून बाहेर आले तर काकू खुर्चीत बसलेल्या, पाठीशी उशा.

"इतक्या लवकर?"

"पेपरची वाट बघतेय."

पेपर यायला अजून वेळ होता. आणि अंगावर पांघरूण होतं. रात्रभर बाई तिथेच बसून होती, आडवं झालं की जीव घुसमटायचा म्हणून. बोलताना दोन शब्दांनंतर थांबत होत्या, त्या काकू, ज्यांच्यापुढे दूधवाल्याला बोलता येत नसे. मी खाली बसून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तर तिथे खड्डा तसाच.

माझा पाराच चढला. "बस्स झालं! मी लावते बेंगळुरूला फोन."

त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. "नको गं. तो घेऊन जाईल."

"जाऊ दे ना घेऊन!"

"तुला नाही कळणार." थोडा वेळ नुसता श्वास घेतला. "पाहुणी-बिहुणी सगळं खरंच आहे. पण त्याच्याही मागे सांगू? मी भिते. तिथे मुलगा-सून सकाळी जातात, दिवे लागल्यावर येतात. खिडकी उघडली तर खाली नुसत्या गाड्या. मागच्या वेळी दीड महिना होते, एकदा तरी कुणी दार वाजवलं असेल तर शपथ. होल्डवर ठेवलेला कॉल असतो ना, तशी होते मी तिथे. मुलगा ऐकत असतो त्या कॉलवर. मी एकदा 'दम लागतो' म्हटलं की माझं घर गेलं."

मला इतकं वाईट वाटलं. आणि तितकाच रागही आला. मी मालवणी माणूस, मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "काकू, न्यायला सुद्धा माणूस शिल्लक लागतं."

बाहेर पेपरवाल्याने पेपर टाकला, तो उचलायलाही कुणी उठलं नाही. मग काकू म्हणाल्या, "डॉक्टरकडे जायचं."

"मी मेसेज टाकते, इथेच फोन..."

"इथे नाही. त्यांना घरी बोलवायचं नाही. आपण जायचं."

आणि मग बाई उठली. पावडर नाही, नारायणपेठ नाही. घरातली सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत जुनी फाइल. चप्पल पायात जाईना म्हणून माझी घातली. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत पहिला मजला उतरल्या. खाली सोसायटीचं ऑफिस म्हणजे एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या टाकीच्या नोटिसा आणि गणपतीची तसबीर. नाना तिथेच कुलूप उघडत होते.

"सकाळी सकाळी कुठे?" नानांनी विचारलं.

"डॉक्टरकडे."

"कुठे बसतो?"

"तुमच्या ऑफिसात. सरका."

नाना सरकले. मत न देता सरकले, हे आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच घडलं. काकू आत यायला तयार होईनात. बाहेरच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू आत जा. फोन लाव. लागला की मला बोलव, दवाखान्यात बोलवतात तसं."

डॉक्टर पवईहून लागली, मुलगा बेंगळुरूहून. दोघंही विचारतायत, काय झालं, आज गुरुवार नाही, आई कुठे? मी काही सांगितलं नाही. दाराकडे तोंड करून ओरडले, "पुढचे पेशंट!"

काकू आल्या, बसल्या, पिशवी पायाशी ठेवली. आणि बोलायला लागल्या. "मी मुलुंडहून बोलतेय. काम असं की मला झोपता येत नाही. आडवी झाले की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. पाय सुजलेत, गेले बरेच दिवस सुजलेत, मी पदर ओढून घेत होते. वजन वाढलंय, मी जुनं सांगत होते. पाण्याची गोळी मी कुठे जायचं असेल त्या दिवशी घेत नाही, सारखं उठावं लागतं म्हणून. लिंबाचं लोणचं खाते. चोरून खाते." मध्ये मध्ये थांबत होत्या, पण थांबवायला कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या चौकटीत मुलाचं तोंड उघडं ते उघडंच.

डॉक्टरचं हसू कधीच गेलं होतं. मला म्हणाली, फोन पायाजवळ न्या, अंगठा दाबा. दाबला. "आजी, आता एका दमात काहीतरी बोला. पाठ असलेलं काहीही."

काकूंनी डोळे मिटले. "अकोला, अमरावती, इचलकरंजी, उस्मानाबाद, कराड..." त्यांची ट्रंक कॉलची गावं. एके काळी ही सगळी माळ त्या एका श्वासात ओवायच्या, मला कितीदा म्हणून दाखवली होती. कोल्हापूरपर्यंत पोचता आलं नाही. धाप लागली.

"पुरे," डॉक्टर म्हणाली. "मला इथून बघायचं तेवढं बघून झालं. यापुढचं फोनवर होत नाही. छातीला स्टेथोस्कोप लागायला हवा, शिरेतून औषध द्यायला हवं. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलला मी आत्ता कळवते. तुम्ही निघा."

"बघा!" दारातून नाना. "मी सांगत नव्हतो? शेवटी हात लावल्याशिवाय..."

"नाना," काकू धापा टाकत म्हणाल्या, "मत मागाहून. आधी रिक्षा."

नाना धावले. चप्पल न घालता धावले, खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलमध्ये थोडे दिवस राहावं लागलं. अंगातलं पाणी उतरलं तशा काकू आणि त्यांचा आवाज दोन्ही जागेवर आले. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी दिवस काढले असते तर कठीण होतं. मुलगा पोचला होता. पलंगाशी उभा राहून म्हणाला, "झालं ना आई? काय उपयोग झाला तुझ्या त्या फोनवरच्या डॉक्टरचा? शेवटी इथेच यावं लागलं."

मला वाटलं आता वाट लागली. पण काकू उशीवर सरळ झाल्या.

"अरे, फोनचं काम जोडून देणं एवढंच. ऑपरेटर कधी कुणाच्या घरी जेवायला जातो का? कॉल लागला, माणूस माणसापर्यंत पोचला, की त्याचं काम संपलं. मी इथे पोचले ना? मग लागला कॉल. आधी लागत नव्हता तो डॉक्टरमुळे नाही. या टोकाला बसलेली पार्टी खोटं बोलत होती."

"आणि परत खोटं बोललीस तर?"

हा खरा प्रश्न होता. मलाही तोच पडला होता.

"दिवाळीपर्यंतची मुदत तूच दिलीस," काकू म्हणाल्या. "दिवाळीला ये. बघ."

तो गेला, पण तोंड फुगवून गेला. दिवाळी काही फार लांब नव्हती.

मग आमच्या सोसायटीने जे बघितलं ते कुठल्याच सोसायटीने बघितलं नसेल. दर गुरुवारी संध्याकाळी काकू घराला कुलूप लावायच्या आणि पिशवी घेऊन "डॉक्टरकडे" जायच्या, म्हणजे जिना उतरून सोसायटीच्या ऑफिसात. वजनकाटाही तिथेच आणून ठेवला, सगळ्यांसमोर उभं राहायचं, म्हणजे लबाडीला जागा नको. आणि कॉलची पहिली ओळ ठरलेली, "तक्रार आधी, चहा नंतर."

दुसऱ्या गुरुवारी नाना घुटमळायला लागले. ऑफिसची कामं आहेत म्हणे. तिसऱ्या गुरुवारी विचारलं, "ती तुमची बाई... पायाला मुंग्या येतात त्याचं पण बघते का?"

"ती नाही, पण बघणारे आहेत. बसा," काकू म्हणाल्या.

नानांना साखर निघाली. कधीपासून होती देव जाणे, हा माणूस नाडी-नाडी करत मुंग्या अंगावर काढत होता. एकदा नाना बसले म्हटल्यावर बांध फुटला. वरचे, खालचे, बाजूच्या विंगेतले, सगळी म्हातारी मंडळी गुरुवारी चपला घालून, फायली घेऊन यायला लागली. ज्याचा त्याचा डॉक्टर वेगळा, फोन ज्याचा त्याचा, पण लावून द्यायला काकू. दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. "कोण, कुठून, काय काम, तेवढं बोलायचं. नातवाचं कौतुक करायचं नाही. चष्मा काढा, जीभ दाखवा, लाजू नका." आत कुणी बोलत असताना दुसरा खिडकीशी गेला की हाकलायच्या. "जन्मभर लोकांचे कॉल कानावर पडले, एक शब्द बाहेर गेला नाही. तुम्ही कोण लागून गेलात?" आणि कुणी छाती धरून आलं की फोन लावूच द्यायच्या नाहीत. "हे इथलं काम नाही. नाना, रिक्षा!" नाना आता चपला घालूनच बसायचे.

मी ऑफिसातून आले की ते दृश्य बघून माझी दिवसभराची मरगळ जायची. म्हातारी माणसं, पण चेहरे कसे, कॉलेजच्या कट्ट्यावर बसल्यासारखे. आणि मधोमध आमच्या काकू, गाल वर आलेले, विनापावडर.

दिवाळीच्या आदल्या गुरुवारी मुलगा आला. विमानतळावरून थेट सोसायटीत, बॅगेसकट. मला हळूच म्हणाला, सोमवारची परतीची तिकिटं काढलीयत. दोन. काकूंना मी सांगितलं नाही, पण त्यांना सांगावं लागतं का? त्याच्या "कशी आहेस?"वरूनच त्यांनी ओळखलं असणार.

त्या दिवशी तो ऑफिसात त्यांच्या शेजारी बसला. फोन मी धरला. डॉक्टर लागली. खिडकीबाहेर अख्खी रांग कान देऊन उभी. कॉल न ऐकण्याचा नियम त्या दिवशी नानांसकट कुणीही पाळला नाही.

"तक्रार आधी," काकू म्हणाल्या. "मंगळवारी रात्री खोकला आला, उठून बसले, मग गेला. डाव्या पायाला संध्याकाळी किंचित सूज असते, उजव्याला नाही. रविवारी नानांकडच्या सत्यनारायणाला पापड खाल्ला. अख्खा." मुलगा वळून आईकडे बघत राहिला. आपल्या आईच्या तोंडून त्याने पापडाची कबुली ऐकली, ती त्याला पचत नव्हती.

डॉक्टरने पाय बघितला, वजन बघितलं, परवाचे रिपोर्ट उघडले. मग सरळ मुलाशीच बोलली. "हे बघा, तब्येत उत्तम चाललीय. आता काही बिघडलं तर मला त्याच दिवशी कळतं, कारण त्या सांगतात. माझे निम्मे पेशंट सांगत नाहीत. यांना जिथे सांगायची सवय लागलीय तिथून हलवू नका, असं माझं मत. निर्णय तुमचा."

मुलाने आईचा पाय बघितला, वजनकाटा बघितला. मग म्हणाला, "ठीक आहे आई. तू इथेच राहा."

खिडकीबाहेर जो गलका झाला! कुणी टाळ्या वाजवल्या, नाना "जिंकलो, जिंकलो" ओरडले, जसं काही घर त्यांचंच वाचलं. मीही टाळ्या वाजवायला हात उचलला आणि फोन कलंडला. डॉक्टर म्हणाली, "अहो, स्थिर धरा, मला छत दिसतंय."

मग ती नेहमीसारखी म्हणाली, "आजी, आणखी काही तक्रार?"

काकूंनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "जुनी आहे. कधी सांगितली नाही. माझा मुलगा येतो तो मला न्यायला येतो. नाहीतर मी आजारी पडले की येतो. नुसता राहायला येत नाही."

मुलाचे कान लालबुंद. डॉक्टर मान खाली घालून टाइप करत राहिली आणि कॉल चालू असतानाच त्याच्या फोनवर औषधांचा कागद आला. त्याने सवयीने मोठ्याने वाचायला घेतला.

"पाण्याची गोळी, सकाळी. वजन रोज. मीठ कमी, पापड बंद. मुलाने..." ती ओळ त्याने पुन्हा बघितली. "मुलाने वर्षातून दोन वेळा येऊन राहावे. पहिला डोस लगेच. चुकवू नये."

त्याने फोन मांडीवर ठेवला. डोळे पुसले, सगळ्यांसमोर पुसले. "सोमवारची दोन्ही तिकिटं रद्द करतो," म्हणाला. "तुझ्या सुनेलाही इकडेच बोलावतो. दिवाळी करूनच जाऊ."

काकू माझ्या हातातल्या फोनकडे वळल्या.

"डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या, "तुमचं हे औषध लगेच लागू पडलं हो."